बँक वाढवली आहे

“माझं पैसं द्या,” हिराबाई परटीण म्हणाली.

सकाळचे आठ वाजले होते. बँक दहाला उघडायची होती आणि मी, म्हणजे बँकेचा मॅनेजर, माडीच्या कठड्याशी राखुंडीने दात घासत उभा होतो. तोंड काळं, अंगात गंजीफ्रॉक. खाली पायरीवर हिराबाई, तिच्या मागे तिची जाऊ, त्यामागे घोडेवाले, दोन खानसामे, भाजीवाल्या, आणि त्यांच्याही मागून बाजाराच्या बाजूने येणारी माणसं.

“अजून वेळ आहे,” मी वरूनच म्हणालो. “दहाला या. पैसे भरायची खिडकी डावीकडे.”

“भरायचं न्हाईत, काढायचं हायेत. एकशेचाळीस. काल भरल्यालं.”

“काल भरलेत आणि आज काढता? व्याजसुद्धा चढलं नाही अजून!”

“याज ऱ्हाऊ द्या तुमालाच. मुद्दल द्या.”

सगळे हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. मी पटकन चूळ भरली.

हे हॅरिसपेठेतलं. कुणा हॅरिससाहेबाने डोंगरावर बंगले बांधून वसवलेली ही जागा. साहेबलोक उन्हाळ्यात वर यायचे, आणि त्यांचे कपडे धुवायला, घोडे धरायला, मध आणि काठ्या विकायला आपली माणसं बारा महिने राहायची. ती माणसं तिला हारसपेठ म्हणायची. बँक एकच होती, ग्रेंजर अँड सन्सची. गोऱ्यांसाठी पुढचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. आपल्यासाठी मागची खिडकी, तीही वहाणा काढून. कर्ज मागायला गेलेला माणूस एकदा त्या खिडकीशी उभा राहिला, की पुढच्या वेळी सावकार परवडला म्हणायचा.

अंबादासशेट रासने हे तिथले कासार. बांगड्या आणि भांडी यांचं दुकान, वय त्रेपन्न, शिक्षण मराठी दुसरी. त्यांनी चार वर्षं दारोदार फिरून भागीदार गोळा केले, सरकारकडून परवाना मिळवला आणि ‘दि हॅरिसपेठ स्वदेशी बँक’ काढली. एवढं सगळं करून शेवटी त्यांनी एक घोडचूक केली. मुंबईच्या एका मोठ्या बँकेत सहा वर्षं कारकुनी केलेल्या सदानंद गुप्ते नावाच्या पंचवीस वर्षांच्या माणसाला त्यांनी मॅनेजर नेमलं. तो मी.

मी पक्का उंटावरचा शहाणा होतो. बँक कशी चालते ते हॅरिसपेठेत आपल्यालाच काय ते ठाऊक, अशी माझी समजूत होती, आणि ती अगदीच चूक नव्हती म्हणून जास्त घातक होती. मी नियमांचा तक्ता केला, शाईच्या दौती रंगाप्रमाणे मांडल्या, आणि वाईच्या पेंटरकडून एक सुबक पाटी रंगवून आणली. आदला दिवस अक्षय तृतीयेचा. सकाळी पूजा झाली, शेटनी नारळ वाढवला, आणि मग लोकांची जी रीघ लागली ती तीनपर्यंत. हिराबाईने डब्यातून आणलेले रुपये ओंजळीने खिडकीत ठेवले होते. दुपारी शेट पुतणीच्या लग्नाला सर्व्हिस मोटारीने वाईला गेले. जाताना म्हणाले, “सांबाळा. उद्या दुपारच्या आत येतो.”

तीनला मी ती पाटी दारावर लावली आणि साडेतीनला रोकडीची पेटी दोन हमालांच्या डोक्यावर देऊन ग्रेंजरच्या बँकेत ठेवायला निघालो. आमची तिजोरी अजून घाटाच्या पायथ्याशी होती. ती बैलगाडीत मावेना, आणि मावली तेव्हा बैल हलेनात. तोवर रात्रीची रोकड साहेबाकडे ठेवायची असं आधीच ठरलं होतं. पाचशे रुपये मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवून घेतले.

यात काय चुकलं, हे मला त्या सकाळी काही केल्या कळेना.

“पण झालं काय?” मी खाली येऊन विचारलं.

“आमालाच इचारा!” हिराबाई मागे वळून म्हणाली, “ऐकलं का? मानूस सोताच पाटी लावतंय, आन् सोताच इचारतंय काय झालं!”

“कुठली पाटी?”

तिने दाराकडे बोट केलं. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत, वाईच्या पेंटरने दोन रुपये घेऊन काढलेली: ‘बँक बंद’.

“अहो, बंद म्हणजे वेळ संपली. तीन वाजले की रोजच बंद होणार!”

“रोज?” एक घोडेवाला म्हणाला. “रोज दिवाळं वाजनार व्हय?”

“दिवाळं कुणी म्हटलं?”

“तुमीच लिवलंय की. दुकान बंद झालं म्हंजी काय ते पोराला बी कळतं. आन् बंद केल्याव घटकाभरात पेटी सायबाच्या घरात! आमी समद्यांनी बगितली.”

मी डोक्याला हात लावला. घरी माझी आई दिवा विझला असं कधी म्हणत नसे. हातातली बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणे. बाहेर पडताना मी चुकून ‘जातो’ म्हटलं तर परत बोलावून पाटावर बसवत असे. हे सगळं मला माहीत होतं. पण ते घरातलं, आणि बँक म्हणजे बँक. मुंबईच्या बँकेच्या दारावर इंग्रजीत जे लिहिलेलं असे, ते मी सरळ मराठीत केलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो एकाच शब्दाने बसला.

मी पायरीवर उभा राहून कामकाजाच्या वेळांवर भाषण केलं. तीन वाक्यं झाली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “बोलतोय लई, देत न्हाई कायच.” मग मी मुकाट्याने बँक उघडली आणि पैसे द्यायला लागलो.

पाचशे रुपयांना किती वेळ लागणार? पुढे घुसलेल्या सात जणांनीच ते नेले. हिराबाई पहिली आलेली, पण दाराशी रेटारेटी झाली आणि ती मागे पडली. तिची पाळी आली तेव्हा गल्ल्यात चार रुपये आणि थोडी मोड होती.

“मी साहेबाकडून पेटी आणतो,” मी म्हणालो. “इथेच थांबा.”

“थांबतो की. जानार कुटं? आमचं पैसं हितंच हायेत न्हवं?” ती म्हणाली.

ग्रेंजरच्या मागच्या खिडकीशी मी वहाणा काढून उभा राहिलो. तिथला मुख्य, एजंट फॅरेलसाहेब, स्वतः आला. त्याला मराठीचा भारी अभिमान. सरकारी परीक्षा पास झाला होता आणि भेटेल त्याच्यापुढे तो ती परीक्षा पुन्हा देत असे.

“हे गुप्ते, तू कशाकरिता आला आहेस?”

“पेटी न्यायला, साहेब. काल ठेवलेली. सगळी.”

“सगळी? मोठ्या रकमेसाठी तीन दिवस अगोदर सूचना दिली पाहिजे. तो नियम आहे.”

“पण साहेब, ती फक्त रात्रीपुरती...”

“नियम रात्री निजत नाही.” वाक्य जमल्यामुळे तो खूश झाला. “तुझी बँक बंद आहे, असे माझ्या माळ्याने मला कळविले. एका दिवसात! मला फार वाईट वाटते.” त्याला किती वाईट वाटत होतं ते त्याच्या मिशीखाली दिसत होतं. त्याने खिडकी लावून घेतली.

मी परत निघालो. तीन दिवस! तीन तासांत लोकांनी बँकेची कौलं उतरवली असती. मुंबईची पक्की नोकरी सोडून मी आलो होतो, पण खरं सांगतो, त्या वेळी मला नोकरीपेक्षा शेटची आठवण येत होती. चार वर्षं त्या माणसाने बांगड्यांची पेटी पाठीवर घेऊन घरोघरी बँकेचं नाव सांगितलं होतं. ती बँक मी एका दुपारी बुडवली होती.

परतलो तेव्हा साडेअकरा झाले होते. गल्ल्यात तेच चार रुपये, बाहेर शंभरावर माणसं. काय करावं कळेना, म्हणून मी मॅनेजरला शोभेल असं एकच काम केलं. ती पाटी उचलली आणि पुन्हा दारावर लावायला निघालो.

तेवढ्यात मागून कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली.

“एकदा लावून भागलं न्हाई का?” अंबादासशेट म्हणाले.

ते मोटारीतून उतरून तसेच आले होते. कपाळावर लग्नातल्या अक्षता, हातात लाडवांची पुडी. त्यांनी पाटी वाचली. दोनच शब्द, पण त्यांना बराच वेळ लागला. मग माझ्याकडे बघितलं. मी एका दमात सगळं सांगितलं, फॅरेलचे तीन दिवससुद्धा.

“माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातातली बांगडी पिचली तरी मी ‘फुटली’ म्हनत न्हाई,” ते हळूच म्हणाले, “आन् तुमी अख्खी बँक बंद केलीत, गुप्तेसाहेब?”

“शेट, मी लोकांना सांगतो. चूक माझी...”

“तुमी गप ऱ्हावा.”

ते पायरीवर गेले. पाटी त्यांनी डोक्यावर धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

“ही पाटी,” शेट ओरडले, “मी लावाया सांगितली!”

माझ्या तोंडातून काहीतरी निघणार होतं. शेटची वहाण माझ्या पायाच्या बोटांवर आली आणि तिथेच राहिली.

“सायबाच्या दारावर बगितली हुती. म्हनलं आपन बी लावावी, झोकात. ह्यो बिचारा मॅनेजर नगं नगं म्हनत हुता. मीच ऐकलं न्हाई. दुसरी शिकल्याला मानूस, मला काय कळतंय बंद आन् उगडी?”

मग हिराबाई म्हणाली, “शेट, तुमी? लाज न्हाई वाटली? बांगड्या इकनारा मानूस तुमी!”

“वाटतीया की. म्हनून तर सांगतोय.”

लोक हसले. या खेपेला खरं हसले. मी खाली बघत राहिलो. बोलायला हवं होतं. बोटांवरची वहाण आता निघाली होती, पण मी बोललो नाही.

“आता ऐका,” शेट म्हणाले. “भाकरीची येळ झाली. आता बँक वाढवतो, तीनला उगडतो. ज्याला पैसं पायजेत त्यानं तीनला यावं.” मला म्हणाले, “पाटी उलटी करा आन् लिवा.”

मी खडूने पाटीच्या पाठीवर चांगल्या अक्षरात लिहिलं: ‘बँक वाढवली आहे’.

आणि काय सांगू! काल भरल्या पेटीच्या बँकेवर ‘बंद’ लिहिलं तर धाडकन गर्दी उसळली. आता गल्ला रिकामा, पेटी साहेबाच्या कुलपात, बँक खरोखरच बुडालेली, आणि ‘वाढवली’ वाचून लोक झाडाखाली बसून भाकरी सोडायला लागले. हिराबाईने मला कांदा दिला. मी तो हातातच धरून बसलो.

बाराच्या सुमाराला फॅरेलसाहेब तट्टावरून आला. दुपारच्या उन्हात तो कधी बाहेर पडत नसे, पण दुसऱ्याचं बुडालेलं बघायला माणूस वेळ काढतो. त्याला वाटलं असेल, दगडफेक चालली असेल. बघतो तर शंभर माणसं गोलगोल बसून जेवताहेत. तो गोंधळला. मग त्याचं लक्ष पाटीकडे गेलं आणि तो अक्षर अक्षर लावून वाचू लागला.

“बँक... वाढ-व-ली... आहे.” त्याने पुन्हा वाचलं. “अंबादास, बँक तर काल जन्मली. ती आज कशी वाढविली?”

मी सांगायला तोंड उघडलं. शेटनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मिटलं.

“आजच वाढवली, सायेब,” शेट म्हणाले.

“किती वाढविली?”

“समदी.”

“समदी!” फॅरेलने झाडाखालच्या माणसांवरून नजर फिरवली. “आणि हे लोक का बसले आहेत?”

“बँक उगडायची वाट बगत्यात. तीन वाजता.”

यातला एक शब्द खोटा नव्हता, हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन. पण फॅरेलच्या चेहऱ्यावर परीक्षेत वरचा नंबर आल्याचा आनंद उमटला. त्याला एकदम सगळं कळलं. म्हणजे त्याला वाटलं की कळलं. सकाळी मी सगळी पेटी मागायला गेलो होतो ती बँक बुडाली म्हणून नव्हे, तर भांडवल वाढवायचं म्हणून. आणि हे शंभर जण त्या वाढीव भांडवलाचे पैसे भरायला बसले आहेत!

“हे गुप्ते,” तो मला रागावला, “हे तू मला सकाळी का सांगितले नाहीस?”

“तेव्हा वाढवली नव्हती, साहेब,” मी म्हणालो. हे एवढंच मला सुचलं, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे.

“तुमची पेटी मी पाठवितो. नियम लहान बँकेसाठी आहे.” मग त्याने तट्टू शेटच्या अगदी जवळ आणलं. “परंतु जे वाढेल, ते सायंकाळी माझ्याच तिजोरीत ठेवा. साताऱ्याला नेऊ नका. बरे?”

“जेवडं वाढंल तेवडं तुमच्याकडंच, सायेब. आमची तिजोरी अजून घाटात हाय.”

अडीच वाजता ग्रेंजरचे दोन लाल पट्टेवाले आमची पेटी घेऊन आले, तेही पुढच्या व्हरांड्यातून निघून, भर बाजारातून. मी कुलूप काढलं. तीनला दार उघडलं. वीस-पंचवीस जणांनी पैसे काढले, बाकीच्यांनी पेटीत डोकावून बघितलं आणि तंबाखू मळत ते निघून गेले. हिराबाई खिडकीशी आली.

“एकशेचाळीस ना?” मी नोटा मोजायला घेतल्या.

“धाच द्या. घरात मीठ-मिरची न्हाई. बाकीचं असू द्या हितं.”

मी चकित झालो. सकाळपासून तिनेच तर सगळा बाजार उभा केला होता. “सकाळी सगळे मागत होतात.”

“तवा ठावं नव्हतं पाटी कुनी लावली ते.” ती खिडकीत वाकली आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, “शेट आमचा मानूस. चुकला तर चुकला, त्येला चार शिव्या घालता येत्यात. पर तुमी चुकला असता तर काय बी ठेवलं नसतं मी. तुमच्याकडं किल्ली हाय. तुमी चुकून कसं चालंल?”

मी तिला दहा रुपये दिले. ती गेल्यावर बराच वेळ मला वहीतलं दिसेना. शेटनी सगळ्या बाजारासमोर स्वतःला अडाणी का म्हणवून घेतलं होतं, ते त्या परटिणीने मला एका वाक्यात सांगितलं होतं. आणि मला वाटलं होतं, त्यांनी केवळ दया दाखवली.

संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो. ते एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरत होते. ती गेल्यावर मी म्हणालो, “शेट, मी उद्या सगळ्यांना खरं सांगतो. मला झोप यायची नाही.”

“सांगा की,” ते बांगड्यांचा जुडगा बांधत म्हणाले. “पर उद्या नगं. बँक मोठी झाल्याव सांगा. तवर झोप आली न्हाई तर हिशेब तपासा.”

बँक मोठी झाली. ग्रेंजर अँड सन्सवाले गेले, साहेबांचे बंगले आपल्या लोकांनी घेतले, त्यांतल्या निम्म्यांना कर्ज आम्ही दिलं. या सगळ्या वर्षांत पाटीची गोष्ट हॅरिसपेठेत घराघरांत पोचली. पोरं एकमेकांना चिडवायची, “शेटवानी पाटी लावू नगंस!” बाजारात कुणी वेडेपणा केला की त्याला ‘अंबादासशेटची पाटी’ म्हणत. आणि गोष्टीच्या शेवटी नेहमी शहाणा, प्रसंगावधानी, मुंबईचा मॅनेजर येऊन बँक वाचवायचा. साहेबाला ‘वाढवली’ म्हणून फसवायची युक्तीसुद्धा हळूहळू माझीच झाली. मी ती कधी स्वीकारली नाही. पण परतही केली नाही, आणि याची मला लाज वाटते.

पंचविसाव्या वर्षी समारंभ झाला. मंडप, लाउडस्पीकर, मंत्र्यांचे कोणी प्रतिनिधी. शेट अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पुढच्या खुर्चीत शाल पांघरून. पाहुण्यांनी भाषणात पाटीची गोष्ट सांगितली, हातवारे करून, शेटचा आवाज काढून. मंडप हसून लोटपोट झाला. शेटही डोळे पुसत हसत होते.

आभाराला मी उठलो. कागद खिशात ठेवला.

“ती पाटी मी लावली होती,” मी म्हणालो. “शेट त्या दुपारी इथे नव्हतेच, वाईला लग्नाला होते. चूक संपूर्ण माझी. त्यांनी ती सगळ्यांसमोर स्वतःवर घेतली, आणि साहेबाकडून पैसेही त्यांनीच काढले. मी पंचवीस वर्षं गप्प बसलो.”

मग मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “वा! मालकाची अब्रू राखावी तर गुप्तेसाहेबांनी!”

आणि टाळ्या सुरू झाल्या. पाहुणे उठले, त्यांनी माझ्या गळ्यात दुसरा हार घातला. बायका पदराने डोळे टिपत होत्या. मी हात वर करून, “अहो, खरंच, खरंच,” असं म्हणत होतो, आणि जितकं म्हणत होतो तितक्या टाळ्या वाढत होत्या.

मी शेटकडे बघितलं. ते काठीचा आधार घेऊन उठून उभे राहिले होते. काठी त्यांनी काखेत धरली होती, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत होते.